आत्यांना स्पष्ट दिसलं पाहिजे

माणसं पोहे कसे खातात त्यावरून त्यांचं घर ओळखता येतं, असा द्वारकाआत्यांचा सिद्धान्त आहे. कढीपत्ता ताटलीच्या कडेला लावणारा माणूस पुढे बायकोलाही कडेला लावतो. दाणे आधी वेचून खाणारा स्वार्थी, शेवटी राखून ठेवणारा आतल्या गाठीचा. मग चांगला कोण, असं मी एकदा विचारलं होतं. "तो अजून यायचाय," असं उत्तर मिळालं.

अशा बाईंचा पाय नेमका भाचीला बघायला पाहुणे यायच्या आठवड्यात मोडला. मोगऱ्याच्या कुंडीशी घसरल्या. पाय प्लास्टरमध्ये, आत्या आतल्या खोलीत पलंगावर, आणि पोहे हॉलमध्ये.

भाची म्हणजे तेजश्री, आमच्या शेजारच्या तात्या दातारांची मुलगी. आई लवकर गेली, आत्यांनीच वाढवलं. रसायनीच्या कारखान्यांत मीटिंगच्या खोल्यांमधून मोठाले पडदे बसवून द्यायचं तिचं काम. साहेब एका खोलीत बोलतात आणि तिसऱ्या खोलीतले लोक ते बघत जांभया देतात, त्या जांभयांची सोय ती करते. भिसेगावातल्या या घराला रंग काढला तेव्हा तिने प्रत्येक खोलीत भिंतीतून नेटवर्कची केबल ओढून घेतली होती. तात्या तेव्हा म्हणाले होते, "आपण काय कारखाना काढतोय का?"

"फोनवर दाखवते की गं," तेजश्री आत्यांना म्हणाली.

"फोन नको. फोनवर माणूस घास घेतल्या घेतल्या थिजतो. मग गिळला का थुंकला, काही कळत नाही. मला स्पष्ट दिसलं पाहिजे."

म्हणून तिने हॉलच्या कपाटात, फुलदाणीच्या आडोशाला कॅमेरा ठेवला. त्याची वायर काड्यापेटीपेक्षा जराशा मोठ्या डबीत, डबीतून भिंतीतल्या केबलमध्ये, आणि आतल्या खोलीत तसलीच दुसरी डबी आत्यांच्या टीव्हीला. चालू करून पाहिलं तर सोफ्याच्या कव्हरावरचा चहाचा जुना डागसुद्धा दिसला. आवडी, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकाच्या बाई, तो डाग बघून लाजल्या आणि कव्हर बदलून आल्या.

"बाबा, एकच अट," तेजश्री म्हणाली. "ते आले की पहिल्यांदा सांगायचं, आत्या आतून बघतेय. तुम्ही सांगायचं."

"सांगतो गं!"

तात्यांचं औषधांचं दुकान होतं. समोरच्याला बरं वाटेल ते बोलायचं, हा त्यांच्या धंद्याचा पाया. कडू काढासुद्धा 'गोडसर आहे हो' म्हणून विकला त्यांनी. या माणसावर ही अट घालणं म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवणं, हे तेजश्रीला कळायला हवं होतं. पण ती त्या दिवशी भानावर नव्हती. शिळफाट्याच्या आठल्यांचा गंधार तिला दोनदा भेटून आवडला होता. अडलं तर ते फक्त त्याच्या आईपाशी अडणार होतं.

ही आई, समिधाताई, शाळेतून निवृत्त झालेल्या. जन्मभर दहावीच्या वर्गांवर पर्यवेक्षण केलेलं. आल्या आल्या त्यांनी हॉलभर अशी नजर टाकली की कपाटातली भांडी सरळ बसली.

मी आत आत्यांच्या सोबतीला. टीव्हीवर सगळे स्वच्छ दिसत होते.

"तुमच्या भगिनी कुठे आहेत?" समिधाताईंनी विचारलं.

तात्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. घसा खाकरला. "आत पडल्यात. औषधाने गाढ झोप लागलीय."

"मी झोपलेय?" आत्या पलंगावर ताठ झाल्या. "मेल्या, डोळ्याला डोळा नाही सकाळपासून!"

पोहे झाले. गंधारने कढीपत्ता खाल्ला. आत्यांनी मान डोलावली. मग तेजश्री आणि गंधार बोलायला गच्चीवर गेले आणि तात्या 'चहाचं बघतो' म्हणून उठले. आपल्याकडे हा रिवाजच आहे. यजमान चहाचं बघायला जातो ते पाहुण्यांना आपसांत कुजबुजता यावं म्हणून. लग्नं खरी त्या कुजबुजीत ठरतात.

तात्या आत आले. टीव्हीवर आठले पती-पत्नी डोकी जवळ आणून बोलायला लागले होते.

"बंद करू या," तात्या म्हणाले. "बरं दिसत नाही."

"चांगलं दिसतंय की," आत्या म्हणाल्या. "बस."

"पोह्यांवर लिंबू असतं तर मजा आली असती," गंधारचे बाबा म्हणत होते.

आमच्या मागून सुळ्ळकन काहीतरी गेलं. पुढच्या क्षणी टीव्हीत आवडी! हातात लिंबाच्या फोडी.

"घ्या साहेब, लिंबू."

"अगं बाई, आवडे!" तात्यांनी कपाळ धरलं. त्या परत आल्या तेव्हा म्हणाले, "कोणी सांगितलं होतं तुला?"

"तेंनीच सांगितलं नं आता. मी काय भयरी हाय?"

हॉलमध्ये गंधारचे बाबा खूश होते. "काय घर आहे! मनातलं ओळखतात."

समिधाताई मात्र लिंबाकडे बघत राहिल्या. मग आवाज अजून खाली आणून म्हणाल्या, "मुलगी गुणी आहे हो. पण ती नोकरी! शिड्यांवर चढायचं, वायरी ओढायच्या, रविवारीसुद्धा जायचं. मन घेत नाही."

तात्यांचा चेहरा मी पाहिला आणि समजलो की आता यांच्यातला दुकानदार जागा होणार. अडवेपर्यंत ते बाहेर होते.

"एक सांगायचं राहिलं," टीव्हीतले तात्या हात चोळत म्हणाले. "तेजू नोकरी सोडणारच आहे बरं का. शिड्या नाहीत, रविवार नाहीत. तुम्ही अगदी निश्चिंत असा."

"अरे नतद्रष्टा," आत्या पुटपुटल्या. "तिला न विचारता?"

समिधाताई म्हणाल्या, "हो का? वा." तात्या समाधानाने परत आत आले.

पर्यवेक्षक ते पर्यवेक्षकच. दोन बाकांवर एकच चूक दिसली की त्यांना समजतं. बाई नवऱ्याकडे वळल्या आणि हवेत सोडल्यासारखं बोलल्या, "तुम्ही त्या चिवड्याला हात लावू नका हं. दाण्याचं वावडं ना तुम्हाला."

"मला? कधीपासून?"

तोवर आवडींनी चिवड्याची बशी उचललीसुद्धा. गंधारचे बाबा बशीमागे असे बघत राहिले, जसं स्टेशनवर कोणी निघून गेलेल्या गाडीकडे बघतं.

मग समिधाताई उठल्या. पुस्तकांमागे पाहिलं, घड्याळामागे पाहिलं, फुलदाणी बाजूला केली. टीव्हीवर त्यांचा चेहरा मोठा होत गेला, इतका की भुवईतला एकच पांढरा केस मोजून घ्यावा.

"नमस्कार," त्या म्हणाल्या. "झोप झाली का?"

आत्यांनी नकळत दोन्ही हात जोडले. मी पलंगामागे वाकलो, का ते विचारू नका.

नेमकी तेव्हाच गच्चीवरून पोरं खाली आली. दोघांचे चेहरे उजळलेले, ते टीव्हीतही लपत नव्हतं. समिधाताईंनी फुलदाणी खाली ठेवली. "तेजश्री, हा कॅमेरा तुझा?"

"हो. बाबांनी सांगितलं ना तुम्हाला?"

"त्यांनी बरंच काही सांगितलं. तू नोकरी सोडतेयस, हेही."

तेजश्रीचा उजळलेला चेहरा तिथल्या तिथे विझला. गंधार म्हणाला, "आई, वर तर आम्ही बोललो की ती..."

"थांब तू. आपलं खासगी बोलणं चोरून ऐकणारं घर आहे हे. मला विचार करावा लागेल. अहो, चला."

"जरा थांबा," तेजश्री म्हणाली. "चूक आमची आहे. तुम्ही उघड्यावर बोललात, आता आम्हाला बोलू दे. मग जा."

तिने कॅमेरा आणि डबी उचलली, तरातरा आत आली. बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. कॅमेरा पलंगासमोर स्टुलावर मांडला, इकडची डबी तिकडे नेली, तिकडची इकडे. केबल तीच, फक्त चित्र उलट्या दिशेने. बाहेर जाऊन तिने हॉलचा टीव्ही लावला आणि पाहुण्यांच्या शेजारी बसली. आता आमची ताटली त्यांच्यासमोर होती. आणि आम्हाला त्यांचं काहीच दिसत नव्हतं.

पहिल्यांदा आम्ही तिघंही रेशनकार्डावरच्या फोटोसारखे बसलो. आवडी दारातून डोकावल्या, कॅमेरा दिसताच पदर सारखा करून पळाल्या.

"बोल ना रे," आत्या म्हणाल्या. "मघाशी बरी जीभ चालत होती."

"काय बोलू?" तात्या म्हणाले.

"तेजूची नोकरी तुझ्या दुकानातली बाटली होती का, काढून द्यायला?"

तात्यांनी मान खाली घातली. मग, माझ्या ओळखीत पहिल्यांदाच, समोरच्याला बरं न वाटणारं वाक्य त्यांच्या तोंडून आलं. "आठलेताई, मी खोटं बोललो. ती नोकरी सोडणार नाही. सोडावी असं मलाही वाटत नाही. स्थळ हातचं जाईल म्हणून घाबरलो होतो. आता जायचं असेल तर जाऊ दे."

"हं," आत्या म्हणाल्या. "आता माझं ऐका. मुलगा मला पसंत आहे. त्याची आई माझ्यासारखी आहे. एका घरात अशा दोघी नकोत, पण ती शिळफाट्याला, मी इथे, अंतर सोसेल. मी चोरून ऐकलं. पाय मोडला म्हणून पोरीच्या आयुष्यातून मला आत सरकवलं, ते सोसलं नाही. त्याचा राग माझ्यावर काढा, तिच्यावर नको."

आम्ही हॉलच्या भिंतीकडे बघत बसलो, जणू भिंतच निकाल लावणार होती. तात्या गुडघे दाबत होते. मग समिधाताईंचा आवाज आला, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"नोकरी ठेवू दे. तिच्याइतकं सरळ तुमच्या घरात दुसरं कोणी वागलं नाही. पण आमच्या घरी असलं यंत्र एकही लावायचं नाही!"

"एकसुद्धा?" हा तेजश्रीचा आवाज.

"एकसुद्धा नाही. आमची कुजबुज आमच्याकडेच राहील."

"मंजूर."

बाहेर हसण्याचा गलका झाला, त्यात गंधारच्या बाबांनी चिवडा परत मागवलेलाही ऐकू आला. तात्यांना हसावंसं वाटत होतं, पण कॅमेऱ्यापुढे हसावं की नाही हे न समजून त्यांचा चेहरा शिंक अडकल्यासारखा झाला होता. आत्यांनी मात्र पदराचं टोक हातात घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून हाक मारली.

"तेजू, आता हे बंद कर गं. मला रडायचंय, आणि ते इतकं स्पष्ट नको."