आठ-पंधरा दिवसांनी

बसा पावणं, चहाला उकळी येईस्तवर एक गोष्ट सांगतो. नुसत्या एका 'नी'ची हाय. पन त्या 'नी'पायी आमच्या शिनोलीच्या इंद्रायणीला लई दिस घास गोड लागंना.

नवरा आदेश जुन्नरला, ही माहेरी. लेक अक्षदा दुसरीत, हिच्याजवळ. पोरीची पोटगी कोर्टानं बांधून दिलेली. आदेशनं अर्ज टाकला, ती कमी करा म्हणून. कोर्टाभायेरच्या टाइपवाल्यानं हिचं उत्तर लिवताना इचारलं, "पोरगी बापाकडं जाती का?"

"जाती की. आठ-पंधरा दिवसांनी. शनवारी शाळा सुटली की जाती, रइवारी येती."

त्या बाबानं ठोकलं, 'मुलगी आठ-पंधरा दिवस वडिलांकडे राहते.' हिनं एकेक अक्षर जपून सही केली. वाचलं कुणी?

कोर्टात आदेशच्या वकिलानं त्येच मोठ्यानं वाचलं, तवा ही हुबी ऱ्हाऊन म्हनली, "दिवस न्हाई साहेब, दिवसांनी!" जज साहेबांनी नवा कागद आन् शाळेची हजेरी आणायला धा दिवस दिले. पायरीवर आदेश हसतोय, "काय इंदे! अर्धा महिना पोरगी माजी, मंग अर्धी पोटगी माफ. फुडल्या खेपेला पोरगी आख्खीच नेतो."

मधी शनवार आला. आदेश पोरीला घेऊन गेला. रइवारी शेवटची एस्टी आली, पोरगी न्हाई. सोमवारीबी न्हाई. इंद्रायणी फाट्यावर हुबी ऱ्हाऊन बोटांवर दिस मोजाय लागली. आठ दिस ठिवली, की चुकीचा कागद खरा व्हतोय! आन् शाळेत रोज एक गैरहजर पडतीय.

मंगळवारी उठली ती थेट जुन्नरला. आदेश दारात आडवा. "तूच लिवून दिलंय ना, आठ दिवस? मंग घाई कशाची?"

आतनं सासू प्रयागबाई दप्तर घेऊनच आली. "सर बाजूला, मुडद्या! पोरीचे पाढे बुडाले. ने गं इंदे हिला."

पोरगी आली, राव. पन हजेरीत दोन गैरहजर बसल्या त्या बसल्याच. उद्या तारीख. नवा कागद टाइप झालाय, पन इंद्रायणीचा हात सहीला धजत न्हाई. कोर्टाची भाषा तिला उमगत न्हाई, आन् माजं तर अक्षराशी वाकडंच.

तुमी शिकलेलं दिसताय. ह्यो घ्या कागद. चहा ऱ्हाऊ द्या, आदी दमानं वाचा. 'दिवसां'च्या फुडं 'नी' हाय का, तेवढं बघून सांगा.