मिटल्या डोळ्यांचे मंत्रिमंडळ

"अर्थमंत्री, हनुवटी खाली. अजून खाली. आभाळात काय शोधताय?"

कॅमेऱ्यामागून काकूंनी आवाज दिला आणि तीन रांगांत बसलेले अख्खे मंत्रिमंडळ हसले. शपथविधी कालच झाला होता. निवडणुकीत एकमेकांचा उद्धार केलेली माणसे आज खांद्याला खांदा लावून बसली होती.

सरकारी फोटोचे काम वर्षानुवर्षे काकूंच्या नवऱ्याकडे होते. तो गेल्यानंतरचे हे पहिलेच मंत्रिमंडळ. शिष्टाचार अधिकाऱ्याने आधीच बजावले होते, "काकू, हा फोटो जमला तर काम तुमच्याकडे राहील. नाहीतर माझाही इलाज चालणार नाही." हे काम गेले की स्टुडिओचे शटर ओढायचे, हे काकूंना वेगळे सांगायला नको होते.

घोळक्यात कोणाची ना कोणाची पापणी लवतेच. त्यावर नवऱ्याची एक युक्ती होती.

"आता सगळ्यांनी डोळे मिटा. मी 'उघडा' म्हटलं की उघडायचे. चोरून बघायचं नाही हं, गृहमंत्री!"

सगळ्यांनी डोळे मिटले आणि काकू बघतच राहिल्या. ही गंमत नवऱ्याने कधी सांगितलीच नव्हती! अर्थमंत्र्यांच्या कपाळावरच्या आठ्या विरघळल्या होत्या. सगळ्यांना धाकात ठेवणारे उपपंतप्रधान ओठांचा चंबू करून, शेजारच्या पंतप्रधानांकडे कलले होते. टीव्हीवर एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी माणसे ती हीच का? बघण्याच्या नादात 'उघडा' म्हणायचे राहूनच गेले. बोटाने मात्र आपले काम केले.

"अगं बाई! थांबा, परत एकदा घेऊ."

त्या जुन्या, मोठ्या कॅमेऱ्यात एका वेळी एकच फिल्म बसायची. काकू ती बदलत होत्या, तेवढ्यात कोणीतरी येऊन उपपंतप्रधानांच्या कानाला लागले. खातेवाटपाची यादी फुटली होती. ते ताडकन उठले. त्यांच्यामागे त्यांचा पक्ष उठला.

"बसा की साहेब, मिनिटभराचं काम आहे."

"यांच्याबरोबर आता मिनिटभरही नाही, काकू."

अर्ध्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. संध्याकाळपर्यंत सरकार पडले.

फोटो बघून अधिकाऱ्याने कपाळाला हात लावला. प्रत्येक मंत्रिमंडळाचा फोटो कॉरिडॉरमध्ये लागायचा, तसा रिवाजच होता. "आणि तिथे हा लावू? लोक फिदीफिदी हसतील हो!"

"दुसरा नाहीये ना," काकू पुटपुटल्या.

मावळते पंतप्रधान आपले सामान न्यायला आले होते. त्यांनी फोटो मागून घेतला आणि खिडकीपाशी नेला.

"हे बघा आमचे उपपंतप्रधान," ते म्हणाले. "माझ्या खांद्यावर डोकं टेकायच्या बेतात आहेत. जागेपणी आमचं कधी जमलं नाही. हाच लावा."

फोटो लागला. पुढच्या मंत्रिमंडळासाठी मात्र दुसरा फोटोग्राफर आला.

"नवे साहेब घाबरतात, काकू," अधिकारी नजर चुकवत म्हणाला.

"कशाला?"

"झोपलेले दिसायला."

काकूंना हसू येत होते, पण ते ओठांपर्यंत येईतो विझले. कार्यालयात ठेवलेला कॅमेऱ्याचा स्टँड काखोटीला मारून त्या निघाल्या.

कॉरिडॉरमध्ये समोरून दोन कारकून तावातावाने भांडत येत होते. फोटोपाशी आले तसे त्यांचे आवाज आपोआप बारीक झाले, पावलेही हलकी पडली. वळणापलीकडे गेल्यावर भांडण पुन्हा पेटले.

काकू क्षणभर थबकल्या. मग स्टँडचे पाय खडखडू नयेत म्हणून त्यांनी ते पदरात गुंडाळले आणि फोटोसमोरून हळूच पुढे गेल्या.