शेवटची दहा मिनिटे आणि नऊ नंबरची जर्सी

मी एक जुनी जर्सी आहे, मित्रांनो. पाठीवर नऊ नंबर आहे, हिरवा रंग विटला आहे आणि सध्या माझ्या कापडाने सायकल पुसतात. पण माझे दुःख सायकलचे नाही. माझे दुःख शेवटच्या दहा मिनिटांचे आहे.

माझा जन्म १९७३ साली शिरपूरच्या बाजारात रामराव शिंप्याच्या मशीनवर झाला. कापड अपुरे होते, म्हणून त्याने गळा अरुंद ठेवला आणि पुढे दोन बटणे लावली. ती उघडल्याशिवाय मी कोणाच्याही डोक्यातून निघत नसे. गावच्या फुटबॉल संघाचे मॅनेजर दौलतराव यांच्या पत्नी भागिरथाबाई यांनी जुन्या धोतराचा नंबर कापून माझ्या पाठीवर लावला. संघात गडी चौदा आणि जर्सी अकरा. त्यामुळे बदली खेळाडूला आत जायचे असेल, तर बाहेर येणाऱ्याची घामाने भिजलेली जर्सी रेषेवरच उतरवून घालावी लागे.

मला घालायचा सोमला. किन्हीराजाजवळच्या तांड्यावरून तो सायकलने यायचा. तो धावू लागला की माझ्यात वारा भरायचा, आणि लोक ‘नऊ नंबर, नऊ नंबर’ असे ओरडायचे. मला वाटायचे, माझेच कौतुक चालले आहे.

दौलतराव सोसायटीत कापसाचा काटा, म्हणजे वजन, करायचे. माणूस सज्जन, पण भित्रा. एका गोलची आघाडी मिळाली की ते सारखे घड्याळ पाहू लागायचे. दहा मिनिटे उरली की ते बाकावरून उठायचे, सोमलाला बाहेर बोलवायचे आणि जगदेवला आत पाठवायचे. जगदेव धिप्पाड होता. तो गोलसमोर उभा राहिला की दौलतरावांना दाराला कडी लावल्यासारखे वाटायचे.

आता तुम्हीच सांगा, याला काय म्हणावे? सोमला मैदानात असेपर्यंत समोरच्या केनवड संघाचे दोन गडी त्याच्या मागे अडकलेले असत. तो बाहेर आला की ते दोघे मोकळे सुटत आणि आमच्याच गोलवर धावून येत. हे मला, एका कापडाच्या तुकड्याला, कळत होते! चौऱ्याहत्तरच्या ढाल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात एका गोलने पुढे असताना हा बदल केला आणि दोन गोल खाल्ले. पंचाहत्तरमध्ये पुन्हा तेच. दोन्ही वेळा मी जगदेवच्या पोटावर ताणलेली, आणि सोमला उघड्या अंगाने रेषेबाहेर बसलेला.

मैदान पंजाबरावांच्या पडीक जमिनीवर होते. दुसऱ्या पराभवानंतर त्यांनी सरळ सांगितले, “दौलतराव, आता दरसाल ढाल आली त मैदान तुमचं. ज्या साली नाई आली, त्या साली मी तिथं तूर पेरतो.”

त्या रात्री भागिरथाबाई दौलतरावांना म्हणाल्या, “दूध उतू जाईन म्हणून तुमी चुलीतलं लाकूडच ओढता, अन् दूध कच्चं राह्यते. इतके भेता त खेळता कायले?”

दौलतराव म्हणाले, “आता नाई काढत सोमल्याले.” पण भागिरथाबाईंना नवरा पुरता ठाऊक होता.

शहात्तरच्या अंतिम सामन्याच्या सकाळी भागिरथाबाईंनी सोमलाला ओसरीवर उभे केले. मी त्याच्या अंगातच होते. अंगावरचा कपडा शिवू नये म्हणतात, शिवलाच तर तोंडात काडी धरावी लागते. म्हणून त्यांनी सोमलाच्या दातांत गवताची काडी दिली. मग पोती शिवायचा दाभण काढला, त्यात सुतळी ओवली आणि माझा पुढचा गळा बटणांसकट घट्ट शिवून टाकला. दाभण आणि सुतळी दोन्ही दौलतरावांच्याच सोसायटीतली होती.

सोमलाने गोल मारला. आम्ही एका गोलने पुढे झालो. आणि दहा मिनिटे उरली तेव्हा, मित्रांनो, दौलतराव उठलेच.

सोमला रेषेवर आला. त्यांनी मला वर ओढले. मी त्याच्या हनुवटीला अडकले. जगदेव उघडाच वाट पाहत होता. सोमला आतून म्हणाला, “भाऊ, निघून नाई राह्यली.” दौलतरावांनी सुतळीला दात लावले. मॅनेजर आपल्याच खेळाडूच्या गळ्याशी सुतळी चावत आहे आणि मैदानात दहाच जण खेळत आहेत, असा तमाशा मी कधी पाहिला नव्हता. पंच गोविंदसिंग वैतागून म्हणाले, “जर्सी नाई त बदली नाई. पोराले आत सोडा.”

सोमला आत गेला. तो चेंडू घेऊन थेट केनवडच्या कोपऱ्यात पळाला, आणि ते दोन गडी मुकाट्याने त्याच्या मागे. सामना तिथेच सरला. ढाल आली, मैदान वाचले. संध्याकाळी भागिरथाबाईंनी विळ्याने सुतळी कापली, तेव्हा गळा थोडा फाटला. मला त्याचे वाईट वाटले नाही.

वाईट पुढे वाटले. विजयाच्या आनंदात दौलतरावांनी चौदा नव्या जर्सी शिवून घेतल्या, म्हणजे बदली करताना खोळंबा नको! मी सायकलकडे गेले. सत्त्याहत्तरमध्ये आम्ही पुन्हा एका गोलने पुढे होतो, पुन्हा दहा मिनिटे उरली, आणि या वेळी सोमला क्षणात बाहेर आला. बाकीचे मी सांगायला नको. आता मैदानावर तूर उभी आहे. सोमला खेळायला येत नाही, कारण यायला जागाच नाही.

परवा दौलतराव सायकल पुसत होते. माझ्या गळ्यात सुतळीचा एक तुकडा अजून राहिला आहे. तो त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी तो ओढून पाहिला. मग आत पाहून म्हणाले, “भागिरथे, त्या दिवशी सोमल्याले शिवण्यापरीस मलेच बाकाले शिवून टाकलं असतं, त बरं झालं असतं.”

मित्रांनो, मला धुऊ नका, घडी घालून पेटीत ठेवू नका, माझे काही मागणे नाही. फक्त कधी तुमची एका गोलची आघाडी असेल आणि तुमचा सोमला पळत असेल, तर कृपा करून बसून राहा.