येळवशीचा हप्ता

मी एक जुनी झेरॉक्स मशीन आहे. अहमदपूरच्या तहसील कचेरीसमोर 'लुंबिनी झेरॉक्स' नावाचं पत्र्याचं दुकान आहे, त्याच्या डाव्या कोपऱ्यात माझा मुक्काम असतो. माझ्यातून निघणाऱ्या प्रत्येक कागदावर कडेला एक काळी रेघ उमटते. गिऱ्हाइकं कुरकुरतात, पण वय झालं की ते लपवता येत नाहीच. माणसाचे केस पांढरे होतात, माझी रेघ काळी होत गेली.

मित्रांनो, माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. उमेदीची वर्षं मी एका मोठ्या कंपनीच्या थंडगार खोलीत काढली. तिथं मला कुणी नावं ठेवली नाहीत आणि कुणी कौतुकही केलं नाही. मग एक दिवस मी जुनी ठरले, हैदराबादेतल्या सेकंडहँड मालाच्या गोदामात धूळ खात पडले, आणि तिथून रामकिशन कांबळे यांनी मला उचललं. वाकळेत गुंडाळून, टेम्पोत बांधून आणलं. रस्त्यात खड्डा आला की ते माझ्या पाठीवर हात ठेवायचे. एवढी माया माझ्यावर परदेशातही कुणी केली नव्हती.

दुकानाला त्यांनी आपल्या शाळकरी लेकीचं नाव दिलं. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर लावली. नागुबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्यापुढं मेणबत्ती लावली आणि मग काही सुचेना म्हणून पदरानं माझी काच पुसली.

मी आले ती बँकेच्या कर्जावर. बँक लहानशी, मुख्य कचेरी नांदेडात, एक शाखा इथं अहमदपुरात. कर्जाला जामीन हवा होता. रामकिशनचे दोस्त गुरुपादप्पा मोंढ्यात मापाडी होते. सोयाबीन, तूर, हरभरा, सगळ्यांचं वजन त्यांच्या हातून जायचं. त्यांनी आपली ठेव तारण ठेवली आणि बँकेच्या कागदांवर सह्या केल्या. रामकिशन म्हणाले, "अप्पा, वाचून तर बगा." अप्पा हसले. "तुला वाचलंय की इतकी वर्षं. कागद काय वाचायचा?" मी नवीन असताना हे ऐकलं, तेव्हा मला ते फार मोठेपणाचं वाटलं होतं. अजूनही वाटतं.

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. जातीचे दाखले, सातबारे, शिष्यवृत्तीचे अर्ज, दहावीच्या गुणपत्रिका! जून महिन्यात रांग एसटी स्टँडच्या वळणापर्यंत जायची. मी तापायचे, कागद अडकवायचे, रुसायचे. रामकिशन माझं झाकण उघडून म्हणायचे, "दमलीस व्हय? घे, बस जरा." आणि रांगेतल्या लोकांना चहा सांगायचे. धंदा असा करतात का? पण लोक परत आमच्याकडंच यायचे.

मग ज्या वर्षी सगळ्या गावांची दुकानं बंद पडली, त्या वर्षी रामकिशन लातूरच्या दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत. शटर खाली होतं. माझ्या काचेवर पालीनं अंडी घातली. मला वाईट वाटलं ते अंधाराचं नाही. ज्या हातानं मला शेवटचं पुसलं होतं तो हात आता कुठंच नव्हता, याचं वाटलं.

शटर उघडलं ते लुंबिनीनं. नांदेडला एका दुकानात हिशेब लिहायची नोकरी करत होती, ती सोडून आली. लोक म्हणाले, मशीन भंगारात घाल, कर्जाचं बँक बघून घेईल. ती म्हणाली, "बँक बगून घेईल म्हंजी अप्पाची ठेव घेईल. त्यांनी बापासाठी सही केली, बँकेसाठी न्हाई." आणि तिनं पालीची अंडी अलगद पुठ्ठ्यावर काढून बाहेर ठेवली. मला ती पोर तेव्हाच आवडली.

तिनं कर्ज फेडायला घेतलं. पद्धत अशी होती: हप्त्याच्या तारखेला सकाळी ती दुकानाच्या खात्यात रोख भरायची, आणि संध्याकाळी बँकेचा कॉम्प्युटर आपोआप हप्ता कापून घ्यायचा. खात्यात पैसे नसले तर बँक स्वतःच्या पदरचे घालायची. त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतात, आणि त्याचा आकार, म्हणजे शुल्क, वेगळा. लुंबिनीनं ती वेळ कधी येऊ दिली नाही. गणपतीत नवं कापड घेतलं नाही, पण हप्ता चुकवला नाही.

असं करत शेवटचा हप्ता आला, आणि त्याची तारीख पडली नेमकी येळवशीला.

मित्रांनो, आमच्या लातूर जिल्ह्यात येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, सगळं गाव शेतात जातं. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी करतात, मिसळीच्या भाज्यांची भज्जी असते, ताकातली आंबील असते, आणि गावात उरतात ती फक्त कुत्री आणि माझ्यासारख्या मशीन. आदल्या संध्याकाळी बँकेचा शिपाई उमाशंकर एक कागद घेऊन आला. वेळ अमावस्येनिमित्त शाखा बंद राहील, असं त्यावर लिहून शाखेचा शिक्का मारला होता. शटरवर आणि पाटीवर लावायला त्याला प्रती हव्या होत्या.

लुंबिनी म्हणाली, "उद्या माझा हप्ता हाय. आता भरू का?"

"काउंटर कवाच बंद झालं ताई. परवा भर की! समदा जिल्हा शेतात असतोय, हप्ता एकटा कुठं जातोय?"

ती हसली. तिलाही ते पटलं. आमच्याकडं कुणालाही पटलं असतं. ज्या दिवशी लातूरच्या बाजारात चहा मिळत नाही, त्या दिवशी कुणी पैसे मोजत बसलं असेल, हे इथल्या माणसाच्या मनात येणारच नाही. घाईत माझ्यातून एक प्रत जास्त निघाली होती, ती तिनं टेबलाच्या खणात टाकली. दुसऱ्या दिवशी ती आणि नागुबाई दरवर्षीप्रमाणे गुरुपादप्पांच्या शेतात गेल्या. मी दिवसभर बंद शटरमागं होते, पण मनानं मीही सुखात होते. उद्या आपण कर्जमुक्त होणार, असं मला वाटत होतं.

पण बँकेचा कॉम्प्युटर शेतात गेला नव्हता. तो नांदेडला होता आणि नांदेडच्या कचेरीला सुट्टी नव्हती. त्यानं संध्याकाळी रिकाम्या खात्यातून हप्ता कापला, खातं उणे झालं, आणि त्यावर ओव्हरड्राफ्टचा आकार बसला, त्यावर दंड बसला, दंडावर कर बसला. दुसऱ्या दिवशी लुंबिनीनं हप्त्याचे पैसे भरले, त्यातून आधी आकार गेला. उणे ते उणेच राहिलं, म्हणून पुढच्या महिन्यात पुन्हा आकार. एका फुटक्या माठात पाणी ओतत राहावं तसं झालं. कर्ज फिटलं होतं, तरी बँक बेबाकीचा, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा, दाखला देईना. आणि बेबाकी नाही तर अप्पांची ठेव मोकळी होईना.

ती ठेव अप्पांना तेव्हाच हवी होती. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला होता. लातूरच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली राखायची तर ऑपरेशन लवकर करा. सरकारी दवाखान्यात नंबर लांबचा लागला होता. ठेव मिळाली की खासगीत करायचं, असं अप्पांनी ठरवलं होतं.

लुंबिनी रडकुंडीला आली. "अप्पा, मी भरते त्यो दंड. इकडून तिकडून घेते. तुमची ठेव सुटू द्या."

अप्पा स्टुलावर बसले होते. काठी दोन्ही हातांत धरलेली. "न्हाई."

"कामून न्हाई? डोळ्याचं काम हाय."

"पोरी, मी जल्मभर मापं केलीत. माप खोटं आलं तर पुन्हा मोजायचं असतं, वरून दाणे टाकून बरोबर करायचं नसतं. दंड भरलास की तुझ्या बापानं बुडवलं असं कागदावर येतंय. रामकिशनचं नाव बुडव्यात म्या लिहू देणार न्हाई. डोळे काय, पावसाळ्याच्या आधी केले तरी चालतंय."

खरं सांगू का मित्रांनो, तिलाही ते हवंच होतं. बापाचं नाव स्वच्छ राहावं म्हणून तर ती नोकरी सोडून आली होती. म्हणून तिनं अप्पांचं ऐकलं. मी त्या दोघांना दोष देत नाही. पण मला बोलता आलं असतं तर मी त्या दिवशी ओरडले असते.

मग अर्ज सुरू झाले. लुंबिनी लिहायची, मी प्रत काढायची. एक शाखेला, एक नांदेडला, एक आपल्याकडं. शाखेतले साहेब म्हणाले, आमच्या हातात काही नाही, सिस्टीम नांदेडची. ती लोह्यावरून जाणाऱ्या एसटीनं नांदेडला गेली आणि संध्याकाळी येऊन अप्पांना सांगू लागली. तिथले साहेब बाहेरगावचे होते.

"त्यांनी इचारलं, वेळ अमावस्या म्हणजे काय? म्या सांगितलं. तर म्हणले, मग फोनवरून भरायचे होते. म्हणलं, साहेब, आपल्या बँकेचं ॲप कुठाय? तर म्हणले, येणार आहे."

अप्पा लई हसले. हसता हसता त्यांनी अर्जाची प्रत हातात घेतली, वाचल्यासारखं केलं आणि मान हलवली. "झ्याक लिहिलंस." कागद उलटा होता. लुंबिनी खाली वाकून माझ्यात कागद भरत होती, तिला ते दिसलं नाही. मला दिसलं, आणि तेव्हापासून मला त्या हसण्याची धास्ती वाटू लागली.

नांदेडहून उत्तर यायचं ते एकाच ओळीचं: आपली तक्रार विचाराधीन आहे. शिमगा गेला. ऊन चढलं. माझी काळी रेघ जाड झाली, आत ड्रम खराब झाला होता, पण लुंबिनीकडं दुरुस्तीला पैसे नव्हते. नांदेडच्या कचेरीनं एक अर्ज तर 'प्रत अस्पष्ट' म्हणून परत धाडला. त्या दिवशी मला स्वतःची फार लाज वाटली.

शेवटी तो खणातला कागद कामी आला. लुंबिनी शाई शोधत होती आणि सुट्टीची ती जास्तीची प्रत हाताला लागली. शाखेच्या शिक्क्यासकट. बँकेनं स्वतःच लिहून दिलं होतं की त्या दिवशी पैसे भरायला दार उघडं नव्हतं. शटरवरचा कागद कधीच फाटून गेला होता आणि शाखेतल्या साहेबांना असा कागद होता हेच आठवेना. लुंबिनी ती प्रत घेऊन पुन्हा नांदेडला गेली. या वेळी साहेबांनी ती उलटसुलट पाहिली, आत जाऊन आले आणि म्हणाले, "ठीक आहे, रिव्हर्स करतो." बस्स. इतकंच. सगळे आकार, सगळा दंड परत. पण त्या आत जाऊन येण्याला इतके महिने का लागले, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही.

बेबाकीचा दाखला पावसाळा लागल्यावर आला. उमाशंकर स्वतः घेऊन आला. नागुबाईंनी घरून मेणबत्ती आणली. लुंबिनीनं दाखला माझ्या काचेवर ठेवला आणि मोठ्या कागदावर, जितकं मोठं होईल तितकं मोठं करून काढायला मला सांगितलं. कारण अलीकडं अप्पांना बारीक दिसत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. मी सगळा जीव ओतला. आयुष्यात इतकी काळजी घेऊन मी प्रत काढली नसेल. रामकिशनचं नाव बोटाएवढं मोठं आलं आणि त्याखाली 'येणे बाकी नाही' हे शब्द ठळक उमटले. कडेची रेघही नावाला लागू दिली नाही.

अप्पा आले. उमाशंकरचा हात धरून पायरी चढले. लुंबिनीनं कागद त्यांच्या हातात दिला. "वाचा अप्पा. तुमीच मोठ्यानं वाचा."

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. मग लांब नेला. दाराकडं, उजेडाकडं वळवला. मग त्यावरून हळूच तळहात फिरवला, मोंढ्यात धान्याच्या राशीवरून फिरवायचे तसा.

"लुंबिनी," ते म्हणाले, "कोराच कागद दिलास व्हय गं?"

नागुबाईंनी तोंडाला पदर लावला. लुंबिनी त्यांच्या पायाशी बसली आणि तिनं तो दाखला पहिल्या अक्षरापासून वाचून दाखवला. रामकिशनचं नाव आलं तिथं अप्पांनी तिला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं.

आता ठेव सुटली आहे, पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननं काही होणार नाही. अप्पा रोज येऊन स्टुलावर बसतात. मी सुरू झाले की आवाजावरून ओळखतात आणि म्हणतात, "दमलीस व्हय? घे, बस जरा." लुंबिनी तेव्हा पाठ फिरवून उभी राहते.

मित्रांनो, तुम्ही शिकाल, कुठल्यातरी कचेरीत खुर्चीवर बसाल. एखाद्या दिवशी काळी रेघ असलेला अर्ज तुमच्या टेबलावर येईल. तो त्याच दिवशी वाचा. अक्षर मोठं करणं मला जमतं. झालेला उशीर लहान करणं मला जमत नाही.