शेंदराखालचा वीर

नवलला आताशा धड बसवत नव्हतं की घास गोड लागत नव्हता.

सारंगखेड्याच्या शिवारात, तापीच्या काठावर, नवलच्या घरच्यांचा, म्हणजे पाटलांच्या वीरबाबाचा दगड होता. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेंदराने त्याचा नुसता गोळा झाला होता. नवल आणि त्याचा वर्गमित्र मगन यांनी धुळ्याच्या एका मासिकासाठी त्यावर लेख लिहिला होता: पाटलांचा पूर्वज, घोड्यावर स्वार, हातात तलवार. लेख कसला, नुसता तोरा! शेंदराखाली काय आहे ते कुणीच पाहिलेलं नव्हतं. संपादकांनी दगडाचं चित्र मागितलं आणि दोघांची झोप उडाली.

शेंदराचं कवच आपणहून गळालं तर तापीत सोडायचं, हाताने काढायचं नाही, अशी गावाची रीत. पण इतका दम धरतो कोण? भर दुपारी शिवार सामसूम पाहून दोघांनी विळ्याचं टोक घातलं. चित्र काढून झालं की पुन्हा लावायला शेंदूर-तेलाची वाटी आणलीच होती.

खपली निघाली. घोडा नव्हता. तलवारही नव्हती. कमरेला लंगोटी आणि हातात ताणलेलं धनुष्य.

"नवल्या, हाऊ ते भिल शे!" मगन म्हणाला.

 नवलच्या घरच्यांनी भिल्लांना या दगडाला कधी शिवू दिलं नव्हतं. त्यांच्या शेतावरचा भिल्ल सालदार रेवजी नारळ ठेवायचा तोही लांब बांधावरच. मग नवलच्या अंगात वारं शिरलं. हे छापायचंच! धावत जाऊन त्याने रेवजीला शेतातून बोलावून आणलं.

रेवजी बांधावरच थांबला. तिथूनच त्याने ते धनुष्य पाहिलं.

"तुन्हा पूर्वज शे, रेवजी! आम्ही छापसूत!" नवल म्हणाला.

"भाऊ, झाकी टाका ते," रेवजी म्हणाला. "तुम्हना लेख धुयाले जाई. आम्ही आठेच ऱ्हासूत. दोधू पाटील देखतीन ते आमना झोपडा उठाडी टाकतीन."

दोधू पाटील म्हणजे नवलचा बाप. नवलला बापाचा राग आला, रेवजीचाही आला, आणि स्वतःची लाज वाटली. रेवजी खरं बोलत होता; लेख धुळ्याला जाणार होता, राहायचं मात्र रेवजीला इथेच होतं. नवलने वाटी पुढे केली.

"मंग तूच लाव शेंदूर."

रेवजीने गावाकडे पाहिलं, बांध उतरून आला आणि दगडापुढे बसला. जन्मात पहिल्यांदा त्याने त्यावर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. मगनने चित्रासाठी पेन्सिल काढली. नवलने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

मग रेवजीने शेंदरात बोटं बुडवली आणि सगळ्यात आधी वीराचा चेहरा झाकला.