पुढची सीट

मिस नोरीन धक्क्यावर उतरली तीच हात पसरून. "लॅसेल्स! अरे, तू तर दर वर्षी तरुणच होत चाललायस!"

आणि हा पंचावन्न वर्षांचा बाप्या लाजला. हो, चक्क लाजला! व्हॅनमध्ये बसलेल्या वेरोनाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. सव्वीस वर्षं संसार केला, पण बायकोसमोर कधी असा लाजला नव्हता मेला.

ही अमेरिकन विधवा दर एप्रिलला जहाजाने जमैकातल्या फालमथला यायची. दिवसभर फिरायला लॅसेल्सचीच व्हॅन घ्यायची आणि त्याला एक फुलाफुलांचा शर्ट आणायची. त्या शर्टांना वर्षभर इस्त्री कुणी करायची? वेरोनाने. म्हणून यंदा तिने ठणकावून सांगितलं, "मीही येणार. बघू तरी, काय एवढं दाखवतोस तिला."

"ये की," लॅसेल्स म्हणाला. "पण पुढे ती बसते हं."

झालं! पाहुणी पुढे, आणि बायको मागे टायरशेजारी.

स्टिअरिंगजवळ दोन घड्याळं चिकटवलेली होती, एक जमैकाचं, एक जहाजाचं. काही जहाजं बेटाची वेळ पाळतात, काही आपली तासभर पुढेच असतात. त्यामुळे रोज सकाळी बंदराच्या फाटकावर विचारून जहाजाचं घड्याळ लावायचं काम वेरोनाचं. लॅसेल्स त्यावर डोळे झाकून विसंबायचा. कारण प्रवाशाचं जहाज चुकवलं, तर ड्रायव्हरचा फाटकाचा बिल्ला हंगामभरासाठी काढून घेतात. बिल्ला गेला की धक्क्यावर गाडी लावता येत नाही.

आजही तिने विचारलं होतं. जहाज तासभर पुढे होतं. ती घड्याळाकडे हात नेतच होती, तेवढ्यात नोरीनची ती हाक आली. मग कसलं घड्याळ आणि कसलं काय!

नदीवर बांबूचा तराफा. त्यावर माणसं दोनच बसणार, मागे वल्हवणारा उभा. "मला पाण्याची भीती वाटते बाई," नोरीन म्हणाली, आणि लॅसेल्स तिचा हात धरून शेजारी बसला. वेरोना डास मारत काठावर उभी. तराफा वळणाआड गेला, तरी दोघांचं हसणं ऐकू येत होतं. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

जेवताना तर कहरच. नवऱ्यासाठी पहाटे उठून भाजलेला नीरफणस आणि खारा मासा त्याने नोरीनपुढे सरकवला. तिने बोटं चाटली.

"किती सुंदर! कुणी केलं रे?"

"आमच्या वेरोने. हिच्या हाताला चव आहे."

कौतुकसुद्धा कसं, नोरीनकडे बघून! वेरोनाने तोंड फिरवलं, आणि तेव्हा तिची नजर गाडीतल्या घड्याळांवर गेली. दोन्हींत पावणेदोन. सकाळी जहाजाचं घड्याळ लावायचं राहूनच गेलं होतं. जहाजाच्या वेळेने पाचला सुटणार, म्हणजे इथले चार. ती सांगणारच होती, पण मनात आलं, एवढी काय घाई? तीनला सांगू. टोपी सांभाळत पळू दे जरा बयेला, फजिती होऊ दे.

तीनला नोरीनने पिशवीतून यंदाचा शर्ट काढला. तिथेच लॅसेल्सच्या अंगावर चढवला आणि त्याची कॉलर सारखी केली. सावकाश, दोन्ही हातांनी.

वेरोनाने तोंडात मिठाची गुळणी धरली.

सव्वाचारला लॅसेल्सने शीळ घालत गाडी फाटकाशी आणली. "बघा मिस नोरीन, पाऊण तास आधी!" आणि त्याची शीळ तोंडातच राहिली. जहाज धक्का सोडून हात-दोन हात नाही, चांगलं मैदानभर लांब गेलं होतं. नोरीनच्या हातातली पिशवी गळून पडली.

फाटकावरचा कारकून वही घेऊन धावत आला. "अरे लॅसेल्स, तू? तुझ्याकडून असं? घड्याळ कुणी लावलं होतं?"

लॅसेल्सने घड्याळाकडे पाहिलं. मग आरशातून वेरोनाकडे. ती कारकुनाला काही सांगेल म्हणून क्षणभर थांबला. तिने मान खाली घातली.

"मीच," तो म्हणाला. "विसरलो." आणि आरशाला लटकवलेला बिल्ला काढून त्याने स्वतःच्या हाताने कारकुनाला दिला.

पुढच्या बंदरात जहाज गाठायचं तर उद्याचं विमान. "रात्री आमच्याकडे राहा," लॅसेल्स म्हणाला. नोरीन डोळे पुसत उतरली आणि तिने मागचं दार उघडून वेरोनाचा दंड धरला.

"तू बस गं पुढे. मला गाडी लागते म्हणून तो पुढे बसवतो. नाहीतर दिवसभर सांगत असतो, ही वेरोची जागा, ही वेरोची जागा. आता घर जवळच आहे, मी बसेन मागे. आणि त्याला रागावू नकोस, माणूस विसरतो एखाद वेळी."

वेरोना पुढे बसली. दिवसभर डोळ्यांत खुपलेली तीच सीट. समोर आरशाला बिल्ल्याची रिकामी दोरी हलत होती. लाजेने तिचे कान तापले. तिने हात पुढे केला आणि जहाजाच्या घड्याळाचा काटा तासभर पुढे सरकवला, नवऱ्याच्या देखत.

लॅसेल्सने ते पाहिलं.

"आता राहू दे," तो म्हणाला, आणि त्याने गाडी सुरू केली.