पुठ्ठ्याच्या खिडकीतला आकडा

मित्रांनो, कर्रर्र असा आवाज ऐकून कुणी कानात बोटं घातली असतील, तर ती आधी काढा. तो माझा आवाज आहे. मी चाकणच्या एका गिअर बनवणाऱ्या कारखान्यातला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आहे. माझ्या डोक्यात बारीक सुया आहेत. त्या शाईच्या फितीवर टोचून मी कागदावर आकडे उमटवतो. ते दिसायला साधे, पण शिस्तीचे. एक असो की आठ, प्रत्येकाला जागा सारखीच. त्यामुळे आकड्याखाली आकडा ओळीने उभा राहतो.

नवा होतो तेव्हा माझा काय थाट होता! दसऱ्याला मोठ्या यंत्रांबरोबर मलाही झेंडूची माळ मिळे. पुढे वरच्या ऑफिसात गुळगुळीत, मुकाट छापणारे प्रिंटर आले आणि माझी रवानगी खाली तपासणीच्या टेबलावर झाली. लोक माझ्या पाठीवर चहाचे ग्लास ठेवू लागले. खोटं कशाला बोलू, मला वाईट वाटलं.

पण तिथे तपासणीचं काम करणाऱ्या शालनबाई भेटल्या. भट्टीत तापवून कडक केलेले गिअर तपासले जात आणि त्यांचा रिपोर्ट मी छापत असे. त्या आकड्यांच्या गर्दीतून हवा तो आकडा शोधून शालनबाईंचे डोळे दुखायला लागले. मग त्यांनी पॅकिंगच्या खोक्याचा एक पुठ्ठा घेतला आणि त्याला लांबट खिडकी कापली. पुठ्ठा रिपोर्टवर नीट बसवला की बाकी सगळं झाकलं जाई, अगदी मथळेसुद्धा. खिडकीत उरे फक्त एक आकडा: गिअर वरून किती कडक झाला तो. वर्षानुवर्षं हा पुठ्ठा चालला, कारण माझे आकडे कधी जागेवरून हलले नाहीत. यालाच मी माझं कौतुक समजत आलो.

आमच्याकडे गुरुवारी सुट्टी असते. एका गुरुवारी रिकाम्या कारखान्यात मला रिपोर्ट पाठवणाऱ्या समोरच्या कॉम्प्युटरने आपण होऊन नवं अपडेट घेतलं. शुक्रवारी पहिला रिपोर्ट आला आणि मी बुचकळ्यात पडलो. आधी कॉम्प्युटर मला नुसता आकडा सांगे आणि मी तो माझ्या मापात घडवत असे. आता तो आकड्यांची तयार चित्रंच पाठवू लागला, तीही थोडी बारीक. एका ओळीसाठी मला दोनदा धावावं लागे. माझा आवाजही बदलला. हे काय नवीन प्रकरण, म्हणून मी मोठ्या उत्सुकतेने छापत राहिलो.

त्याच शुक्रवारी भट्टी पहिल्यांदा गणराजच्या हातात आली होती. हा परभणीकडचा मुलगा काळेवाडीत खोली घेऊन राहायचा. कित्येक वर्षं त्याने भट्टीपुढे गिअरचे ट्रे उचलले होते, तेव्हा कुठे हे काम मिळालं होतं. शालनबाईंनी पुठ्ठा ठेवला, तर खिडकीतला आकडा फारच कमी. शनिवारीही तेच. सुपरवायझर अर्जुनरावांनी गणराजच्या सगळ्या ट्रेंना नापास म्हणून लाल चिठ्ठ्या बांधल्या.

गणराजने तापमान आठवून पाहिलं, वेळा आठवून पाहिल्या. त्याला चूक सापडेना. शेवटी तो खाली मान घालून म्हणाला, "साहेब, माझंच काहीतरी चुकलं असंल. दुसऱ्याला द्या भट्टी."

अर्जुनराव चाकणच्याच जुन्या गावातले, मनाने मऊ. "तुझा हात वाईट न्हाई रं," ते म्हणाले. "पण आकडाच सांगतोय, त्याला मी काय करू? उद्यापासनं पॅकिंगला जा."

माझा जीव कळवळला. पण प्रिंटरला सांगितलेलंच छापता येतं, मनातलं नाही.

समोर कॉम्प्युटरवर दीपमाला बसायची. तिला प्रत्येक गोष्टीचं 'का' हवं असे. माझा आवाज वेगळा येतोय, असं तिने सकाळीच शालनबाईंना सांगितलं होतं. म्हातारा झालाय, खोकतोय, असं म्हणून त्या हसल्या होत्या. दीपमालाला मात्र चैन पडेना. तिने बुधवारचा रिपोर्ट काढला, आजचा त्यावर ठेवला आणि दोन्ही कागद तावदानाच्या उजेडात धरले. डावीकडे आकड्यावर आकडा बसत होता. उजवीकडे जावं तसतसे ते एकमेकांपासून दूर सरकत होते. तिने शालनबाईंना हाक मारली.

शालनबाईंनी पाहिलं आणि पुठ्ठा उचलला. गिअर वरून कडक आणि आतून जरा मऊ ठेवतात, म्हणजे तो तुटत नाही. वरच्या आणि आतल्या कडकपणाचे दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले जातात. अक्षरं बारीक झाल्यामुळे सगळी ओळ आकसून डावीकडे सरकली होती आणि खिडकीत आतला आकडा येऊन बसला होता. वरचा आकडा शेजारीच पुठ्ठ्याखाली होता, अगदी हवा तसा.

गणराज हातमोजे खुंटीला अडकवत होता. शालनबाई स्वतः त्याच्यापाशी गेल्या. "बाळा, तुझी भट्टी बरोबर होती. माझी खिडकीच भलत्या जागी उघडत होती."

त्याचा विश्वास बसेना. टेबलापाशी येऊन त्याने आकड्यावर बोट ठेवलं, पुन्हा पुन्हा वाचला आणि स्टुलावर बसून बाहीने डोळे पुसले. लाल चिठ्ठ्या अर्जुनरावांनी आपल्या हातांनी सोडल्या.

दीपमालाने कॉम्प्युटरला समजावून मला माझं माप परत दिलं. शिवाय एक नवी रीत पाडली. आता मी रिपोर्टच्या आधी नुसत्या आकड्यांची एक ओळ छापतो. ती पुठ्ठ्यावरच्या लाल खुणेपाशी संपली, तरच पुढचं वाचायचं. गणराज रोज सकाळी भट्टीकडे जाताना त्या ओळीवर बोट फिरवून जातो. तिला काही अर्थ नाही, पण माझी सगळ्यांत आवडती ओळ तीच.

मित्रांनो, नव्या गोष्टींशी माझं भांडण नाही. त्या येणार, आणि मलाही त्यांची गंमत वाटते. माझी काळजी घ्या, फीत सुकू देऊ नका, पाठीवर चहा ठेवू नका. आणि एवढं करा: कुणा माणसाला दोष देण्याआधी पुठ्ठा एकदा उचलून पाहा. मी खालीही छापलेलं असतं.